आक्कासाहेबांचे शून्य

विजयमाला इंगवले यांना रडताना पाहिलेले माणूस अख्ख्या कोल्हापुरात नव्हते. या गोष्टीचा अभिमान त्यांना स्वतःला होता, त्यांच्या घराला होता आणि ताराबाई पार्कातल्या त्यांच्या बारा मजली इमारतीच्या वॉचमनलासुद्धा होता. त्यांना सगळे आक्कासाहेब म्हणत. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान आबासाहेब गेले, तेव्हा दारात दोनशे माणसे जमली होती. सतरंज्या कुठवर घालायच्या, कोणत्या पाहुण्याला बिनसाखरेचा चहा द्यायचा, हे सगळे आक्कासाहेबांनी उभे राहून पाहिले. गुरुजींनी घाईत एक मंत्र गाळला, तेव्हा त्यांना थांबवून तो पुन्हा म्हणायला लावला. थोरल्या सुनेने चारचौघांत डोळे ओले करायचे नाहीत, ही इंगवल्यांची रीत सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर घातली होती. आक्कासाहेबांनी ती चारचौघांपुरती न ठेवता एकांतालाही लागू केली होती.

त्यांचे हात बारमाही थंड असत. घरात कोणाला ताप आला की पाण्याच्या पट्ट्यांऐवजी आक्कासाहेबांना बोलावत. त्यांच्या हातच्या चिरोट्यांचे पदर सुटत तसे साऱ्या भावकीत कोणाचे सुटत नसत, कारण पोळीला तुपाचा साटा लावताना त्यांच्या हातांनी तूप पाघळतच नसे. या थंडपणाचे कारण विचारण्याची मात्र कोणाला गरज वाटली नव्हती.

त्यांची धाकटी जाऊ शालन त्याच इमारतीत दोन मजले खाली राहत असे, आणि ती सर्वस्वी निराळ्या घडणीची होती. ती लग्नात रडे, बारशात रडे, शेजाऱ्यांची बदली झाली की रडे. सिमेंटच्या एका जाहिरातीत म्हातारे वडील मुलाच्या नव्या घराच्या भिंतीवरून हात फिरवत. ती जाहिरात तिने तीनशे वेळा पाहिली असेल आणि तीनशे वेळा ती रडली होती. आक्कासाहेबांचे तिच्याविषयीचे मत एका वाक्यात मावण्यासारखे होते: "शालनला नळ बसवलाय, पण तोटी बसवायची राहिली."

आता ज्या भानगडीची ही कथा, ती आक्कासाहेबांच्या नातीने केली. ओजस्वी तिचे नाव, घरात ओजू. शहराबाहेर टेकडीवर उदयसिंह खराडे यांची चित्रपट तयार करणारी चित्रशाळा होती, तिथे ती तीन वर्षे यंत्रज्ञ म्हणून काम करत होती.

त्या काळात चित्रपट एकदाच तयार होऊन डब्यात जात नसे. कथेचा सांगाडा ठरलेला असे. पण पडद्यावरची माणसे, त्यांचे चेहरे, आवाज आणि शब्द हे सगळे चित्रपटगृहातला संगणक जागच्या जागी रचत असे. कोणता प्रसंग किती वेळ चालवायचा, हे तो प्रेक्षकांकडे पाहून ठरवी. प्रत्येक प्रेक्षकाच्या मनगटावर कापडाचा एक पातळ पट्टा बांधत. माणूस हेलावला की त्याच्या शरीराला ते त्याच्या आधी कळते: नाडीची चाल बदलते, श्वासाची लांबी बदलते, बोटांची ऊब कमीजास्त होते, कातडीवरचा ओलावा बदलतो. पट्टा या चार गोष्टी टिपून यंत्राला सांगे. यंत्राचे कागदोपत्री नाव भारदस्त होते, पण चित्रशाळेत सगळे त्याला 'मापाडी' म्हणत, कारण बाजार समितीतल्या मापाड्यासारखा तो एकेका माणसाचे दुःख वजन करून पुढे ढकलत असे. सभागृहाचे सरासरी दुःख सत्तरवर गेले की प्रसंग पुरा. त्याच्या आत असेल तर प्रसंग आणखी थोडा वाढवायचा.

मात्र कोणत्याही मापाला आधी शून्य लागते. काहीच न वाटणाऱ्या माणसाचे शरीर कसे असते, हे मापाड्याला एकदा दाखवून द्यावे लागे. मग त्या शून्यापासून जो जितका लांब गेला, तितके त्याचे दुःख. ओजूने चित्रशाळेतली सोळा माणसे बसवून पाहिली. पण साधा माणूस कोरा बसतच नाही. एकाला दाढ ठणकल्याची आठवण होई, दुसऱ्याला बायकोने आणायला सांगितलेली कोथिंबीर आठवे, आणि पडद्यावरची रेघ नागमोडी होई. ओजू वैतागून घरी आली. समोर आक्कासाहेब ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होत्या, आणि ओजूच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच दुपारी तिने आजीच्या मनगटाला पट्टा बांधला आणि तिला तीन चित्रफिती दाखवल्या. पहिल्या फितीत हसणारे बाळ होते. दुसरीत नुसती करडी भिंत. तिसऱ्या फितीत चित्रपटातला सर्वांत दुःखाचा प्रसंग. तिन्ही वेळा रेघ अशी सरळ आली, की जणू फूटपट्टी ठेवून आखली होती.

"आजी, तुम्ही म्हणजे अस्सल शून्य!" ओजू टाळ्या पिटत म्हणाली.

आक्कासाहेबांनी तो बहुमान समजून स्वीकारला आणि चष्मा लावून अग्रलेख पुढे वाचायला घेतला.

चित्रपटाचे नाव होते 'अठरावी पातळी'. गारगोटीच्या शाळेतली पाच मुले सहलीत वाट चुकून एका बंद पडलेल्या खेळघरात शिरतात आणि तिथल्या खेळात अडकतात. नद्या ओलांडतात, राक्षसांना चकवतात आणि एकेक पातळी चढत जातात. साहसाला काही तोटा नव्हता. ओजूकडे मात्र दोन दुःखाच्या जागा होत्या. एका पातळीवर मुलांना खिडकीतून आपापली घरे दिसतात. ताटे वाढलेली असतात आणि कोणाचीच आई जेवायला बसत नाही. शेवटची जागा दाराची. अठराव्या पातळीचे दार एका शिळेवर कोणीतरी उभे असेतोवरच उघडे राहते. चौघे बाहेर पडतात आणि निहार नावाचा चौदा वर्षांचा मुलगा शिळेवर उभा राहतो. ओजूने तीन वर्षे या एका दारावर घालवली होती.

पहिला खेळ चित्रशाळेच्या छोट्या सभागृहात झाला. साठ माणसे होती. आक्कासाहेब मधल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी शालन, तिच्या मांडीवर चार रुमाल.

खिडकीचा प्रसंग थोडा लांबला, पण खपून गेला. मग दार आले. निहार शिळेवर चढला. त्याने मित्रांचा एकेक करून निरोप घेतला, आणि सभागृहात असा सन्नाटा पसरला की कोणी श्वाससुद्धा टाकेना. आता दार बंद होणार, असे सर्वांना वाटले.

दार बंद झाले नाही. निहारने पुन्हा एकेकाचा निरोप घेतला. मग तो म्हणाला, "माझी सायकल तेजाला द्या. पुढचं चाक पंक्चर आहे, पण बसस्टँडजवळच्या अण्णांकडेच काढा, दुसरीकडे नको." त्यानंतर पोपटाला मिरची किती वाजता द्यायची, हे त्याने सांगितले. सहावीत असताना वर्गाची काच आपण फोडली होती, याची त्याने कबुली दिली. मापाड्याने पाऊस पाडला, बासरी लावली. तरीही आकडा हलेना, तेव्हा ढगातून निहारचे कैलासवासी आजोबा आणले. आजोबांनीही निरोप घ्यायला सुरुवात केली. दारात उभे असलेले चौघे मित्र पाय बदलू लागले.

"आयला, हे पोरगं मरतंय की निवडणुकीचा प्रचार करतंय?" खराडे अंधारातून ओरडले. "ओजस्वी! बंद कर की ते दार!"

"काका, मी नाही करू शकत! आकडा बावीसवर आहे. यंत्र म्हणतंय, लोकांना काहीच वाटत नाहीये!"

"काही वाटत नाही? माझा मेव्हणा हुंदके देतोय इथं!"

"त्यांचा आकडा अकरा आहे."

"आणि जास्तीत जास्त कुणाचा?"

ओजूने पाहिले. "शालनआजी. अठ्ठ्याण्णव. आणि मागच्या रांगेत घोरणारे ते गृहस्थ, त्र्याण्णव."

शालनचे अठ्ठ्याण्णव सर्वांना पटले. घोरणाऱ्यांच्या त्र्याण्णवाकडे कोणी लक्ष दिले नाही. माणसाला स्वप्ने पडतात.

एक्केचाळीस मिनिटे झाली. पाच वाजले आणि ठरल्याप्रमाणे कँटीनवाल्याने सभागृहात चहा फिरवला. लोकांनी वाफाळते कप दोन्ही हातांत धरले. त्याबरोबर बावीसचा आकडा चाळीसवर गेला, साठवर गेला, एकाहत्तर झाला आणि दार धाडकन बंद झाले. आजोबा एका वाक्याच्या मधोमध नाहीसे झाले. सभागृहाने सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

"चहा!" खराड्यांना साक्षात्कार झाला. "कोल्हापूरच्या माणसाला चहा दिल्याबिगर दुःखच होत नाही. नाद खुळा! प्रत्येक थिएटरात दाराच्या सीनला चहा ठेवू."

"काका, हे विज्ञान आहे, टपरी नव्हे," ओजू रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग विज्ञान नीट कर. पुढच्या रविवारी चार वाजता पुणे आणि हैदराबादचे वितरक येणार. तोवर जमलं तर ठीक, नाही तर दार कापायचं. पाचही पोरं बाहेर, शेवटी सगळ्यांचा नाच. आणि तू मग दुसरीकडं बघ. वाईट वाटून घेऊ नको, पण चाळीस मिनिटं एकच पोरगं मारायला मला परवडत नाही."

पुढचे चार दिवस ओजू जेवली नाही म्हटले तरी चालेल. तिने पट्टे तपासले, तारा तपासल्या, लाखभर ओळींची आज्ञावली पुन्हा वाचून काढली. गुरुवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर डोके ठेवून बसली. आक्कासाहेबांनी तिच्यासमोर वरणभाताचे ताट ठेवले आणि फर्मावले, "आधी जेव. मग ते यंत्र काय करतं, ते मला नीट समजावून सांग."

ओजूने सांगितले. शून्याच्या माणसाची नाडी आवळलेली असते, श्वास उथळ आणि धरलेला असतो, बोटे थंडगार असतात. नाडी मोकळी झाली, श्वास खोल गेला, बोटे ऊबदार झाली की यंत्र समजते, माणूस हेलावला.

"आणि हे शून्य असं असतं, हे त्याला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की, आजी."

आक्कासाहेबांच्या डोळ्यांसमोर ते सभागृह आले. त्या दिवशी सभागृहात, दार उघडे असताना, त्यांच्या डाव्या बाजूला बसलेल्या एका निवृत्त मास्तरांचा हात खुर्चीच्या हातावर त्यांच्या हाताला लागला होता, आणि तो बर्फासारखा गार होता. मास्तरांच्या गालावरून पाणी वाहत होते. त्या वेळी आक्कासाहेबांना वाटले होते की वातानुकूलन जास्त लावले असावे. आता त्यांनी आपली बोटे एकमेकांवर घासून पाहिली.

"ओजू, तुझं शून्य एकदा बदलून बघ."

"आजी, या जगात काहीही चुकेल, तुमचं शून्य चुकणार नाही. मी खराडेकाकांना लिहून दिलंय, घरची खात्री आहे म्हणून."

"सावधगिरी म्हणून बघ. शालनचं घे."

चार दिवसांत ओजू पहिल्यांदा हसली. "शालनआजीचं शून्य? आजी, ती आइस्क्रीम वितळलं तरी रडते!"

आक्कासाहेबांनी विषय सोडला. एका वाक्याचे काम होते आणि ते वाक्य त्यांना ठाऊक होते. पण ते उच्चारले की नऊ वर्षे, किंबहुना पंचावन्न वर्षे, उभी केलेली एक इमारत स्वतःच्या हाताने उतरवावी लागणार होती. मयताच्या घरी लोक त्यांच्याकडे पाहून धीर धरत. सुनांना त्यांचे उदाहरण देत. आणि ते वाक्य शालनच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नव्हते, हा विचार तर त्यांना चिरोट्यात खडा लागावा तसा बोचला.

तरी शुक्रवारी सकाळी त्या दोन मजले उतरून शालनकडे गेल्या. शालन टीव्हीसमोर बसून पाककृतींचा कार्यक्रम पाहत होती आणि डोळे पुसत होती.

"वांग्याला किती चिरा दिल्या बघा, आक्कासाहेब," ती म्हणाली.

आक्कासाहेब तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा गरम होता.

शालनचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांत जाऊबाईंनी तिचा हात कधी धरलेला नव्हता. "आक्कासाहेब... कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही."

"मग हात कशाला धरलात? सांगा की, सांगा! दादा गेले का? कराडचे?"

"दादा कराडला सुखरूप आहेत. मी सहज धरला."

"सहज!" शालनने टाहो फोडला. "अहो, तुम्ही सहज काही करता का? सांगत का नाही कोण गेलं!"

आक्कासाहेब उठल्या. शालनने कराडला आपल्या भावाला फोन लावला, आणि दादा सुखरूप असल्याचे ऐकून आनंदाने पुन्हा रडली.

रविवारी अकरा वाजता खराडे मापाड्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. दाराचा प्रसंग काढून टाकायची सगळी तयारी झाली होती. फक्त ओजूने बोट दाबायचे बाकी होते, आणि उचललेले ते बोट तिच्याने दाबवेना. तेवढ्यात खोलीचे दार उघडून इरकली लुगडे नेसलेल्या आक्कासाहेब आत आल्या. मागून शालन आली. तिला त्यांनीच बरोबर घेतले होते. ऐकायचेच आहे तर तिने आपल्याच तोंडून ऐकावे, भाजीवालीकडून नको, असा त्यांचा हिशोबी विचार होता.

"ओजस्वी, हात खाली घे," आक्कासाहेब म्हणाल्या. "ते शून्य खोटं आहे."

"आजी, पुन्हा तेच? कोण म्हणतं खोटं आहे?"

"ज्याचं आहे, ते म्हणतंय."

खराडे व्यवहारी माणूस होते. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली आणि आदबीने विचारले, "आक्कासाहेब, त्या दिवशी पट्टा सैल बसला होता का? तसं असेल तर सांगा. होतं असं. कुणाची चूक नाही."

हे दार त्यांनी आयते उघडून दिले होते. नुसती मान हलवली असती तरी काम झाले असते. आक्कासाहेबांनी क्षणभर त्याकडे पाहिले. पण मग ओजूने नवा पट्टा त्यांच्याच मनगटाला आवळला असता, तीच सरळ रेघ पुन्हा आली असती, आणि चार वाजता तो मुलगा पुन्हा सायकलच्या पंक्चरबद्दल बोलत राहिला असता.

"पट्टा घट्ट होता," त्या म्हणाल्या. "मीही घट्टच होते. तू मला तीन चित्रं दाखवलीस, ओजू. बाळ, भिंत आणि दारातला तो मुलगा. तिन्ही वेळा एकच रेघ आली आणि तू म्हणालीस, आजीला काही वाटत नाही. वाटत होतं. मुलाकडे बघताना वाटत होतं आणि भिंतीकडे बघतानाही तेच वाटत होतं. तुझे आजोबा गेल्यापासून सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत तेच वाटतंय, म्हणून रेघ हलली नाही. तू माझ्या दुःखाला शून्य धरलंस, आणि आता जो कोणी दुःखी होतो, तो तुझ्या यंत्राला कोरा दिसतो."

ओजूचा हात तोंडावर गेला होता. खराड्यांनी विनाकारण चष्मा काढला आणि पुन्हा घातला. सवयीने सर्वांनी शालनकडे पाहिले. पण शालन रडत नव्हती. ती थोरल्या जावेकडे नुसती पाहत होती, आणि तिचे चारही रुमाल कोरडे होते.

"असे पुतळ्यासारखे उभे राहू नका," आक्कासाहेब कडाडल्या. "चार वाजता माणसं येणार आहेत. ओजस्वी, पट्टा काढ. शालन, तू खुर्चीत बैस. बांगड्या वर सरकव."

"मी? मी काय करू?"

"काही करू नकोस. नेहमीप्रमाणे वाग."

शालनने नेहमीप्रमाणे वागून दाखवले. बाळ पाहून ती रडली, कारण बाळे मोठी होतात. दारातल्या मुलाला पाहून तिने दोन रुमाल भिजवले. मधली करडी भिंत पाहून तर तिला हुंदका आवरेना. "किती एकटी आहे हो ती!" ती म्हणाली.

ओजू पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. नाडी झोपलेल्या तान्ह्या मुलासारखी. श्वास पोटापर्यंत खोल. बोटे ऊबदार. डोळ्यांतून दोन धारा लागलेल्या आणि रेघ अशी शांत, की जणू वारा पडलेला रंकाळा तलाव.

"सापडलं," ती पुटपुटली. "शालनआजी, तुला आतून काहीच होत नाही गं!"

ते वाक्य बोलायला नको होते. शालन ताडकन उठली. "म्हणजे? मी खोटी रडते? मला काळीज नाही? चाळीस वर्षं मी साऱ्या पेठेची मयतं केली, आणि हे डबडं मला दगड म्हणतंय? मी जाते. शोधा दुसरं शून्य."

खराडे दारात आडवे झाले. "काकी, काकी, पाया पडतो..."

"शालन, बैस खाली," आक्कासाहेब म्हणाल्या. आवाज हुकमी होता, पण त्याच्या पुढचे बोलणे शालनने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "तू खोटी रडत नाहीस. तू वेळच्या वेळी रडतेस. आलं की वाहून जातं, मागे काही राहत नाही. ते यंत्र तुला दगड म्हणत नाही. ते म्हणतंय, ही बाई रिकामी आहे, हिच्याकडे थकलेलं काही नाही. आजवर मी तुला नावं ठेवली. ती मी परत घेते. सगळी नाही, सिमेंटच्या जाहिरातीबद्दलची तशीच राहतील."

शालन खुर्चीत बसली. बांगड्या तिने पुन्हा वर सरकवल्या.

"पण आक्कासाहेब," ती म्हणाली, "ते साठवायचं तरी कशाला?"

आक्कासाहेबांनी ओजूला लवकर हात चालवायला सांगितले.

चार वाजता पुण्याचे आणि हैदराबादचे वितरक येऊन पुढच्या रांगांत बसले. दिवे मालवले. मापाडी आता शालनच्या शून्यावर चालत होता. चित्रपट अजून सुरूही झाला नव्हता, तंबाखूच्या दुष्परिणामांची सूचना पडद्यावर होती, आणि ओजूला समोरच्या फलकावर दिसले की मधल्या रांगेतली सातवी खुर्ची शंभरावर पोचली आहे. ती आक्कासाहेबांची खुर्ची होती. ओजूने डोळे पुसले आणि ती एक खुर्ची मोजणीतून वगळली. नाही तर खेळात शिरण्याआधीच मुले बाहेर पडली असती.

नद्या झाल्या, राक्षस झाले. खिडकीच्या प्रसंगात ताटे वाढलेली दिसली, सभागृह गार पडले, आणि मापाड्याने ते बरोबर ओळखून खिडकी वेळेवर मिटली. मग दार आले. निहार शिळेवर चढला. या वेळी सायकल नव्हती, पोपट नव्हता, आजोबाही नव्हते. त्याने चौघांकडे पाहिले, सहलीला आलेल्या मुलासारखा हसला आणि म्हणाला, "सोमवारी हजेरीच्या वेळी सांगा, निहार गैरहजर."

दार हळूच लागले. साडेतीन मिनिटे लागली होती.

साठ माणसे निश्चल बसली होती. पुण्याच्या वितरकाने रुमाल शोधायला सगळे खिसे चाचपले. मागे यंत्राजवळ खराड्यांनी ओजूच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की ती टेबलावर आपटली. दार राहिले होते. ओजूही राहिली होती.

मधल्या रांगेत शालनचे रीतसर रडून झाले होते आणि ती दुसऱ्या रुमालाची घडी घालत होती. तेवढ्यात शेजारून अगदी खालच्या आवाजात हाक आली.

"शालन."

"हं?"

"याची सुरुवात कशी करतात?"

"कशाची?"

"तू करतेस, त्याची." चिरोट्याचे प्रमाण विचारावे तितक्या कोरडेपणाने आक्कासाहेबांनी विचारले. पण त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेली होती.

शालनने रुमाल बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्या जावेने तिला एखादी गोष्ट विचारली होती. उगाच काही सांगून भागणार नव्हते.

"आधी पाठ टेकवा," ती म्हणाली.

"टेकवलीच पाहिजे?"

"ताठ बसून येत नाही, आक्कासाहेब. मी करून बघितलंय."

आक्कासाहेबांनी पाठ टेकवली. "मग?"

"आता श्वास सोडा."

"सोडला."

"नाही सोडलात. तो अजून तुमच्याकडेच आहे. सगळा सोडा."

आक्कासाहेबांनी श्वास सोडला. तो बराच वेळ येत राहिला, जुनी, दबलेली हवा यावी तसा, आणि त्याच्या शेवटी असा एक आवाज आला, जो इंगवल्यांच्या थोरल्या सुनेच्या गळ्यातून निघेल असे कोणी शपथेवर सांगितले असते तरी पटले नसते. मग दुसरा आला. मग त्यांना थांबवता येईना.

मागच्या रांगेतून कोणीतरी "शूऽऽ" केले.

शालन गर्रकन वळली. "शू काय? नऊ वर्षांनी आमच्या आक्कासाहेब रडतायत. गप बसा!"

"ओरडू नकोस," आक्कासाहेब हुंदक्यांच्या मधून म्हणाल्या. आवाज ताब्यात नव्हता, तरी हुकूम हुकूमच होता. "पुढचं सांग. आता काय करायचं?"

"आता नाक शिंकरा," शालन त्यांच्या हातात कोरा रुमाल देत म्हणाली. "आणि चांगलं जोरात. लाजू नका."

आक्कासाहेबांनी नाक शिंकरले. कोणतेही काम अर्धवट करण्याची त्यांना सवय नव्हती. पुढच्या रांगेतल्या हैदराबादच्या वितरकाने दचकून मागे पाहिले.